मागच्या पडवीतलं इंग्रजी

माझं इंग्रजी कुठं झालं असं कुणी विचारलं की मी शाळेचं नाव सांगून मोकळी होते. खरं सांगायला बसलं तर समोरच्याची कॉफी निवून जाते. खरं असं की शाळेत मी इंग्रजीची अक्षरं तेवढी गिरवली. वाक्यात कोण कुणाच्या आधी बसतं, कोण कुणाला धरून चालतं, हे मला आमच्या बेंगळुरातल्या चामराजपेटच्या घराच्या मागच्या पडवीत कळलं, आणि तेही महिन्यातले तीन-चार दिवसच. बाकीचे दिवस शिकवणारीला फुरसत नसे. त्या दिवसांची मी जितकी वाट पाहिली तितकी दिवाळीचीही पाहिली नाही. या वयातसुद्धा एखाद्या दुपारी सून कामावर, नात शाळेत, जयनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर सगळं चिडीचूप असलं की मी नकळत घराच्या मागच्या बाजूला कान देऊन बसते. इथे मागच्या बाजूला फक्त कपडे वाळत घालायची जाळी आहे.

घरात आम्ही चौघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. आत्ते ही त्यांची थोरली बहीण. फार लहानपणी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. अण्णांना वाढवलं तिनंच, त्यामुळे कचेरीत ते साहेबासमोर एक वेळ बोलत असतील, पण आत्तेसमोर त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. मग माझी अक्का, इंदिरा, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, आणि शेवटी मी. आई मला आठवत नाही. लोक हळहळायचे, मला जवळ घ्यायचे, हातावर खडीसाखर ठेवायचे, आणि मी ती चोखत विचार करायची की यांना झालंय काय. अक्का होती ना. माझी वेणी अक्का घालायची, माझं ताट ती वाढायची, मला ताप आला की रात्रभर कपाळावरची घडी ती बदलायची. पाटी हरवली म्हणून धपाटाही तिचाच असायचा.

आमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून इकडे आले आणि परत जायचं विसरून गेले. तेव्हा आमची मराठी पुण्याकडच्या माणसाला ऐकवायच्या लायकीची नव्हती. तिच्यात थोडंसाठी ‘स्वल्प’ आणि बरंसाठी ‘सरी’ असे मिसळलेले असत की कुठला शब्द कन्नड आणि कुठला मराठी हे आम्हालाही सांगता आलं नसतं. घर पहाटे जागं व्हायचं ते गल्लीतल्या नळावरच्या घागरींच्या आवाजानं. मग दगडी रगड्याची घरघर सुरू व्हायची. आत्ते लोखंडी तव्यात कॉफीच्या बिया भाजायची, आणि त्या वासानं अण्णा उठायचे. थंडीत अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग यायचे. दाणे सोलायचे, भिजवायचे आणि मग एकेक चिमटून त्याची साल उडवायची. ती उडालेली सालं केसांत, चटईत, अण्णांच्या कोटाच्या खिशात सापडायची. हे सगळं करणारी अक्का. आत्ते सांगायची आणि अक्का करायची. दळण, पाणी, धुणं, माझी शाळा, अण्णांचा डबा. सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याशी दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तरी मला तिच्या मागे न्हाणीघर ते चूल अशा येरझारा घालाव्या लागत.

फक्त महिन्यातले ते दिवस सोडून. आमच्या घरी त्याला दूर बसणं म्हणत. अक्का मागच्या पडवीत चटईवर बसायची. स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद, देवघर तर बंदच, चुलीला हात नाही, घागरीला नाही, माणसाला नाही. मी तिला चुकून शिवले तर मागच्या नळाशी उभं राहून डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय मला आत प्रवेश नसे. आत्ते या बाबतीत पोलीस होती. घरातल्या बाईमाणसाची तारीख तिला पंचांगाशिवाय ठाऊक असायची. आज माझ्या नातीला हे सांगितलं तर तिला खरंच वाटत नाही. मला म्हणते, आज्जी, तुम्ही सगळे वेडे होता का. होतो. ती रीत गेली ते फार चांगलं झालं, आणि कुणी ती परत आणू म्हणालं तर त्याच्याशी भांडायला सगळ्यांत पुढे मी असेन. पण घरातलं एकही काम जिला करता येत नाही अशी अक्का मला त्याच दिवसांत मिळायची. पाय पसरून बसलेली, केस मोकळे, वाडग्यातले शेंगदाणे एकेक करून खाणारी अक्का. मला वाटायचं, हे दिवस महिनाभर का नसतात.

अक्काची एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिकची परीक्षा, एकदा होऊन गेली होती. सगळे विषय सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं. तपासणाऱ्यानं काय पाहिलं देव जाणे, पण तिला स्वतःला ठाम वाटायचं की तिला त्या बारक्या बारक्या शब्दांनी बुडवलं. इन, ऑन, ॲट, अंडर, बाय. मोठे शब्द तिला शेकड्यांनी यायचे. अडायचं ते या चिल्लर मंडळींपाशी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. म्हैसूरला ट्रेनिंगची सोय होती, तिथे राहायची सोयही होती, फक्त एस.एस.एल.सी. पुरी झालेली हवी. दुसऱ्या बाजूनं बेळगावकडचं एक स्थळ येऊन बसलेलं. मुलगा बरा होता, आत्तेला पसंत होता, अण्णांना नापसंत करायला काही सापडत नव्हतं. शेवटी अण्णांनी स्वतःपुरता एक तोडगा काढला. सप्टेंबरात परत परीक्षा असते, ती दे म्हणाले. सुटलीस तर म्हैसूर, नाहीतर बेळगाव. आत्ते म्हणाली, “सरी.” तिच्या त्या एका शब्दात अक्का सुटणार नाही याची पुरी खात्री होती.

अण्णांनी शिवाजीनगरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक व्याकरण आणलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं आणि पहिली काही पानं कुणीतरी आधीच खाऊन टाकलेली होती. कामाच्या दिवसांत ते पुस्तक पिठाच्या डब्यावर पडून राहायचं. दूर बसायच्या दिवसांत अक्काला वेळच वेळ, पण पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला त्या दिवसांत हात लावायचा नाही, असा आत्तेचा कायदा. मग तोड निघाली ती मी. शाळेतून आले की मी उंबऱ्याच्या आत पाटावर बसायची, पुस्तक उघडून छातीशी उभं धरायची, आणि अक्का पलीकडून वाचायची. “पलट,” म्हटलं की मी पान पलटायची. हात दुखून यायचे. मध्येच मान वाकडी करून मीही वरून उलटं वाचायची, त्यामुळे आजही मला छापलेला मजकूर उलटा धरला तरी वाचता येतो. या कलेचा मला आयुष्यात एकदाही उपयोग झालेला नाही.

नुसतं वाचून तिचं समाधान होईना. एक दिवस म्हणाली, “सुमे, हे असं डोक्यात बसायचं नाही. मी तुला शिकवते, म्हणजे मला येईल.” मग तिनं मला विचारलं, पेटीत, पेटीवर, पेटीखाली, यात पेटी कुठं आहे? मी म्हटलं, पुढे. “बरोबर. आपल्यात वस्तू पुढे आणि जागा तिच्या शेपटीला. कन्नडातही तसंच. इंग्रज जागा आधी सांगतो. इन द बॉक्स. ऑन द बॉक्स. पेटी कुठली ते नंतर, आधी आत का वर ते बोल.” मला ते भारी आवडलं. मग ‘ॲट’ वर गाडी अडली. त्याला आपल्याकडे काय म्हणायचं? अक्का बराच वेळ खालचा ओठ चावत बसली आणि एकदम हसली. “शी! दाराशी, नळाशी, उंबऱ्याशी. तू आत्ता कुठं आहेस? ॲट द थ्रेशोल्ड. तिथं आहेस, पण आत नाहीस नि वर नाहीस.” वेळेच्या बाबतीत मात्र तिनंही हात टेकले. सकाळच्या आत इन, सोमवारच्या वर ऑन, आणि दुपारी बाराला ॲट. मी विचारलं, सोमवारावर कोण चढून बसलंय? म्हणाली, “तू पाठ कर, भांडू नको. चढून बसणारे त्यांचे आहेत, आपल्याला काय करायचंय.”

तिला काही उचलता-ठेवता येत नसे, म्हणून तिचे हात मी झाले. ती पलीकडून हुकूम सोडायची, मी ते पाळायची. पुट द टंबलर अंडर द स्टूल. पुट द लेमन इन द टंबलर. टेक द लेमन फ्रॉम द टंबलर अँड पुट इट बिहाइंड द डोअर. चुकले की पहिल्यापासून. बरोबर आलं की ते लिंबू माझं, मीठ लावून चोखायला. ती सांगायची की यातला एकही शब्द एकटा फिरत नाही. अंडर म्हणालीस की लोक थांबून राहतात, कशाच्या अंडर? स्टूलच्या. ती दोघं मिळून एक जोडी, आणि ती जोडी दोन कामं करते. पुट द टंबलर अंडर द स्टूल, इथं ती जागा सांगते. आणि ब्रिंग द टंबलर अंडर द स्टूल, म्हणजे घरातल्या साताठ टंबलरांपैकी कुठला, तर तो स्टूलखालचा. हे मी पुढे जन्मभर मुलांना शिकवलं, पण त्या दुपारी जसं लखकन कळलं तसं मला कुणालाही समजावून देता आलेलं नाही. आमची मांजर मात्र कुठलाच कायदा मानायची नाही. ती सरळ अक्काच्या मांडीवर जाऊन झोपायची. “द कॅट इज ऑन माय लॅप,” अक्का मला चिडवायला म्हणायची, आणि मी उंबऱ्याच्या आत बसून त्या मांजरीचा अगदी मनापासून हेवा करायची.

आत्ते आमच्यामागे, चुलीपाशी, तांदूळ निवडत किंवा वाती वळत बसलेली असायची. तिला हा सारा प्रकार आचरटपणाचा वाटायचा. “काय गं ते अंडर अंडर? ब्राह्मणाच्या घरात अंड्याचं नाव घेता!” असं ती म्हणायची, आणि आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना पोट धरून हसायचो. कधी म्हणायची, “तो पेला स्वल्प एका जागी राहू दे, बिचारा दमला.” तिनं आम्हाला थांबवलं मात्र नाही. पुस्तकाला अक्काचं बोट लागत नाही ना, एवढं ती मान उंचावून बघायची आणि परत तांदळात डोकं घालायची.

सप्टेंबर आला. परीक्षेचं केंद्र शिवाजीनगरच्या बाजूला होतं आणि अण्णा कचेरीत उशिरा जायची परवानगी काढून तिला बसनं पोचवणार होते. आदल्या संध्याकाळी अक्कानं आमच्या घरच्या रीतीप्रमाणे हॉल तिकीट देवासमोर ठेवलं. बेंगळुरात आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत असंच करत. तिकिटावर कुंकवाचं बोट, वर दोन तुळशीची पानं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चांदीच्या करंड्याखाली दाबलेलं. अण्णांनी त्याला हात जोडले. आत्तेनंही जोडले, हे मी पाहिलं. रात्री अक्का माझ्या शेजारी पडली आणि ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट टेन ओ’क्लॉक असं पुटपुटत झोपून गेली.

सकाळी जाग आली ती शेजारची चटई रिकामी म्हणून. मी उठून मागे गेले. अक्का पडवीत भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मला आधी आनंदच झाला, अगदी उडी मारावी असा, कारण ती तिथे दिसली की मला आनंद व्हायची सवयच होती. मग तिचा चेहरा दिसला आणि आजचा दिवस कुठला ते आठवलं. या खेपेला चार-पाच दिवस आधी आलं होतं. आत्तेचा हिशोबही पहिल्यांदाच चुकला होता.

स्वयंपाकघरात आत्ते अण्णांना सांगत होती, “मी काय मुद्दाम करायलेय? कागदाला शिवायचं, शाईला शिवायचं, चार पोरींच्या मांडीला मांडी लावून बसायचं. आपल्या घरात झालेलं नाही. देवाच्या मनात नाही म्हणायचं नि गप्प राहायचं.” अण्णा म्हणाले, “अगं, पण वर्ष जाईल तिचं.” आत्ते म्हणाली, “वर्ष कशाला जायला पाहिजे? बेळगावची मंडळी आहेत की.”  अण्णांनी कोट घातला, छत्री घेतली, आणि पुढच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. कचेरीत गेले नाहीत, आतही आले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं, ते रस्त्याकडे तोंड करून नुसते उभे होते.

तेवढ्यात मागून अक्काची हाक आली. रडवेली नाही, चांगली खणखणीत. “सुमे! ये, लेसन घेते.”

“आज कसला गं लेसन?” आत्ते म्हणाली. ती चुलीपाशी तिच्या मडीच्या, म्हणजे सोवळ्याच्या लुगड्यात वाती वळत होती.

“परीक्षा तर गेली आत्ते. लेसन तरी घेऊ दे तिचा.”

आत्तेनं पुढची वात घेतली. मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखी, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, “माय सँडल्स आर अंडर द बेंच इन द फ्रंट वरांडा. टेक देम टू द टॅप बिहाइंड द हाउस.”

 माझ्या डोक्यात सगळं एकदम उजळलं. मी पुढच्या पडवीत गेले. बाकाखालच्या चपला उचलल्या, परकराच्या घोळात धरल्या आणि घराला बाहेरून वळसा घालून मागच्या नळाशी नेऊन ठेवल्या. परत उंबऱ्याशी आले. “द ब्लू सारी इज ऑन द रोप बिसाइड द वेल.” ती आणली. “माय पेन इज इन द टिन ऑन द विंडो.” खिडकी स्वयंपाकघराची, आत्तेच्या डोक्यावर. मी टाचा उंचावून डब्यात हात घातला, पेन काढलं. आत्तेच्या हातातली वात वळली जात होती. तिनं वर पाहिलं नाही. मी पेन दाराजवळ जमिनीवर ठेवलं, अक्कानं ते उचललं.

“द हॉल तिकीट इज इन द गॉड्स रूम,” अक्का म्हणाली. “बिफोर द गॉड्स. अंडर द सिल्व्हर बॉक्स.”

मी धावत देवघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले. समोर समई तेवत होती. करंडा दिसत होता, त्याच्याखालून तिकिटाचा कोपरा दिसत होता, हात लांबवला असता तर पोचला असता. पण मी चामड्याच्या चपलांना हात लावला होता, अंघोळ झालेली नव्हती. असं देवघरात जाणं मला जमेना. कुणी आडवं उभं नव्हतं, तरी जमेना. ज्यांनी असं घर पाहिलं नाही त्यांना हे पटायचं नाही. आम्ही ते तिकीट मोठ्या भक्तीनं घरातल्या अशा एकाच जागी नेऊन ठेवलं होतं, जिथे आज अक्काही जाऊ शकत नव्हती आणि तिचे हातही.

“सुमे! अंडर द सिल्व्हर बॉक्स!” अक्का परत म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. तिला वाटलं मला समजलं नाही. मला सगळं समजलं होतं. पण मला जाता येत नाही हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते तिनं मला शिकवलेलं नव्हतं, आणि मराठीत म्हणावं तर आत्ते बसलेली. मी तिथेच उभी राहून रडायला लागले.

वाती वळणारा हात थांबला, तो मी पाहिला. आत्ते उठली. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीप्रमाणे “नारायणा” म्हणत. ती माझ्या अंगाला लागणार नाही अशी बाजूनं देवघरात गेली, करंडा उचलला, तुळशीची पानं बाजूला ठेवली, आणि तिकीट घेऊन दाराशी आली. मी ओंजळ पुढे केली. सोवळ्यातलं माणूस टाकतं तसं तिनं ते वरून माझ्या ओंजळीत सोडलं.

“पाडू नको,” म्हणाली. “आणि सांग तिला, मागच्या दारानं जायचं. देवासमोरून नको.” मी वळले तशी परत म्हणाली, “तुमच्या त्या भाषेत सांग. मला मराठीत काही सांगू नका. मला काही ठाऊक नाही.”

मी उंबऱ्याशी आले, तिकीट अक्कासमोर जमिनीवर ठेवलं आणि ओरडले, “अक्का, गो बाय द बॅक डोअर!” हे माझं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य. अक्का माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत्ते परत चुलीपाशी जाऊन बसली होती, पाठ आमच्याकडे करून. मागचं फाटक वाजलं. मी खिडकीशी गेले तर अण्णा पुढच्या फाटकाशी नव्हते. छत्री काखेत धरून ते गल्लीच्या कोपऱ्याकडे चालले होते, जवळजवळ पळत.

आत्तेनं मला नळाशी उभं करून कळशीभर पाणी डोक्यावर ओतलं. मी थरथरत विचारलं, “आत्ते, तुला कळतं?” ती माझे केस खसाखसा पुसत म्हणाली, “येवढे दिवस कानाशी तेच चाललंय. मी काय भिंत आहे?” तेवढंच. त्या दिवशी दुपारी तिनं मला जेवताना तूप दोनदा वाढलं, आणि संध्याकाळी अक्का परत आली तेव्हा तिच्यासाठी पडवीत पान वाढलेलं होतं, चार हात दूर, नेहमीसारखं. पेपर कसा गेला हे आत्तेनं विचारलं नाही. अक्का आपणहून म्हणाली, “बरा गेला आत्ते,” आणि आत्ते म्हणाली, “सरी. जेव.”

अक्का पास झाली. बेळगावच्या मंडळींना अण्णांनी नम्रपणे नाही कळवलं. म्हैसूरचं नक्की झालं, ट्रंक आली, तिच्या झाकणावर अण्णांनी पांढऱ्या रंगात तिचं नाव घातलं. घरभर आनंद होता आणि मीही त्यात नाचत होते. अक्का जिंकली म्हणजे अक्का जाणार, हे इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी पुस्तक उभं धरलं होतं ते तिला घालवण्यासाठीच. पुढे ती धारवाडकडे एका मुलींच्या शाळेत गेली, नावारूपाला आली, तिचं लग्नही तिच्या मनासारखं झालं. सुट्टीत यायची, भरभरून बोलायची, पण तेव्हा घरात पाहुणे असायचे, तिची मुलं असायची, वेळ नसायचा. आता ती नाही. आम्ही दोघी परत एका घरात कधी राहिलो नाही.

म्हैसूरच्या गाडीला पोचवायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. आत्तेसुद्धा आली होती, केळीच्या पानात चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, बांधून घेऊन. निघताना अक्कानं देवांना नमस्कार केला तो देवघरात न जाता माजघरातूनच, आणि मी ते पाहिलं, पण गडबडीत मनावर घेतलं नाही. फलाटावर गर्दी होती. अण्णा ट्रंक चढवत होते. गाडीनं शिट्टी दिली तशी अक्कानं एकदम वळून मला ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं. माझं नाक तिच्या पदरात दाबलं गेलं. कानाशी म्हणाली, “दूर बसायचे दिवस आहेत माझे. आज सकाळपासून.” मी चमकून मान मागे घेतली, तर तिनं आणखी जवळ ओढलं. त्या सगळ्या दुपारींत आम्ही एकदाही जाणूनबुजून एकमेकींना शिवलो नव्हतो. मग अण्णा घाई करायला लागले आणि ती डब्यात चढली. आत्ते दोन पावलांवर उभी होती. तिच्यापासून कुणाची तारीख लपलेली नसे.

घरी आल्यावर मी पुढच्या दारानं आत गेले नाही. सवयीनं वळसा घालून मागे नळाशी जाऊन उभी राहिले आणि आत्तेची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं ती दारात आली.

“इथं काय करायलीस?”

“अक्काला शिवलेय मी.”

“बघितलं,” ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “गेली ती. आता काय न्हायचं ते? ये आत. भात निवायलाय.”

मी जेवले. पण कधी नव्हे ते तिनं मला माफ केलं, ते मला नको होतं. तिनं नेहमीसारखं ओरडायला हवं होतं, कळशीभर गार पाणी डोक्यावर ओतायला हवं होतं.